डोंगरातून आलेली ओ

पटलं तर घ्या, नाही तर सोडून द्या. पण यातलं काहीही मी पदरचं घातलेलं नाही.

नामाजी हा माझ्या आईचा सख्खा मामा. त्याच्या बाबतीत हे घडलं. निजामाची राजवट होती, चव्वेचाळीस सालचा चैत्र होता. आणि घडलं ते रात्री नाही...

भर दुपारी.

डोंगरकडा गावाच्या वरच्या अंगाला एक लहानशी वाडी होती. शेळ्या-मेंढ्या राखायच्या, जोडीला थोडी ज्वारी पिकवायची. कुडाची घरं, गवताची छपरं, दारात कडब्याच्या गंज्या. आणि वर डोंगरभर कंबरेएवढं वाळलेलं गवत.

एक ठिणगी पुरे होती.

म्हणून दर चैत्रात वाडीची माणसं डोंगराच्या पायथ्याचा गवताचा पट्टा आपणच जाळून टाकत. वरून वणवा आला तरी त्या जळक्या पट्ट्यापाशी थांबायचा. आग टाकायचा मान नामाजीच्या घराचा. पण आधी डोंगराकडे तोंड करून तीन हाळ्या द्यायच्या. आत कुणी असेल तर त्याने ओ द्यायची. ओ आली की तो माणूस बाहेर येईपर्यंत आग टाकायची नाही.

चव्वेचाळीसच्या काही वर्षं आधी नामाजीच्या बापाने, रामकिशनने, वारा फिरायच्या आत उरकावं म्हणून एकच हाळी दिली.

सरपणाला गेलेली वाडीतली नर्मदाबाई आतच राहिली.

रामकिशन त्याच पावसाळ्यात तापाने गेला. पुढच्या चैत्रात नामाजी उभा राहिला. त्याने तिसरी हाळी दिली आणि गवतातून...

ओ आली.

माणसं धावली. सगळं गवत तुडवलं. आत कुणीच नव्हतं. शोधण्यात दिवस गेला, पट्टा जाळायचा राहिला, आणि दुसऱ्या दिवशी वणव्याने वाडीतली घरं नेली. तेव्हा वाडीचा म्हातारा कारभारी संतराम याने ठरवून टाकलं. तिसऱ्या हाळीला येते ती नर्मदाबाईची ओ. ती ऐकायची आणि आग टाकायची.

माणसाला कशाचीही सवय होते. पुढे पुढे ती ओ आली की बायका हसायच्या. आली बघा नर्मदा, म्हणायच्या. मला हे आईकडून ऐकताना भुताची नाही, त्या हसण्याची भीती वाटायची.

तर तो चैत्र.

हवेचा काही भरवसाच नव्हता. सकाळी हुडहुडी, दुपारी वावटळी, संध्याकाळी काळंकुट्ट आभाळ. हे घडलं त्याच्या आदल्या संध्याकाळी पट्ट्यापलीकडच्या रानात गारा पडल्या, शेळ्या उधळल्या. पट्ट्यावर मात्र थेंब नाही. सकाळी मोजताना नामाजीच्या कळपातलं एक करडू कमी भरलं. त्याने सगळा राग बायकोवर, शकुबाईवर काढला.

"करडू हुडकल्याबिगर घरी येऊ नको," असं तो तिला म्हणाला.

तिने पदर खोचला. डोंगराकडे निघून गेली.

बाळापूरच्या बाजाराचा दिवस होता, निम्मी वाडी बाहेर. दुपारी डोंगरमाथ्यावर कोरडी वीज कडाडली. घटकाभराने धूर दिसला. वारा वाडीच्या दिशेने होता आणि पट्टा अजून जाळायचा होता.

होते नव्हते तेवढे लोक पळत पायथ्याशी आले. नामाजीने गवताचा चूड पेटवला आणि पहिली हाळी दिली.

लगेच...

"ओ! थांबा, येऊन राहिले!"

नर्मदाबाई पहिल्या हाळीला कधी बोलली नव्हती. ओ सोडून दुसरा शब्द तिने कधी काढला नव्हता. आणि आवाज शकुबाईचा होता.

संतरामने विचारलं, "तुही बायकू आत हाय का रे?"

नामाजीने वळून घराकडे पाहिलं. घर जरा लांब, मधे धुराचा पडदा. पण दारात बाई उभी होती. शकुबाईचंच हिरवं लुगडं. डोक्यावर पदर, एक हात चौकटीवर.

त्याचा जीव भांड्यात पडला.

"न्हाई," तो म्हणाला. "ती काय, दारात उभी हाय."

बाकी कुणी मागे पाहिलं नाही. सगळ्यांचे डोळे वर वणव्याकडे होते. नामाजीच्या शब्दावर सगळ्यांनी भरवसा ठेवला.

त्याने दुसरी हाळी दिली. ओ आली. तिसरी दिली. या वेळी ओ फार जवळून आली...

त्याने आग टाकली.

पुढे जे ऐकू आलं ते वाडीतल्या माणसांनी कधी कुणाला सांगितलं नाही.

नामाजी घराकडे पळाला. दारात कुणी नव्हतं. दाराला बाहेरून कडी होती. कडी काढून तो आत गेला. हिरवं लुगडं दोरीवर घडी घालून ठेवलेलं. आणि घरभर...

जळक्या केसांचा वास.

शकुबाई पट्ट्याच्या अगदी काठाशी सापडली. अजून थोडी चालली असती तर बाहेर आली असती. करडू तिच्या अंगाखाली होतं. ते जिवंत होतं.

वाडी वाचली. नामाजीला कुणी बोल लावला नाही. उलट, तू होतास म्हणून घरं राहिली, असं लोक त्याला म्हणाले.

पुढच्या चैत्रात तो आग टाकायला नको म्हणाला. संतरामने चूड त्याच्या हातात दिला. मान त्याच्याच घराचा होता. पण नामाजीने मनाशी ठरवलं होतं. शकुबाईची ओ आली तर पेटता चूड टाकून द्यायचा आणि गवतात शिरायचं. वर्षभर तो त्या एका आवाजासाठी जगला होता.

पहिली हाळी. डोंगर गप्प.

दुसरी. गप्प.

तिसरी हाळी त्याने जीव तोडून दिली. तरीही गवतातून काहीच आलं नाही. बायकांनी सुस्कारा सोडला. सुटलो एकदाचे, असं कुणीतरी म्हणालं.

तेवढ्यात मागून...

"ओ."

सगळे वळले. आवाज नामाजीच्या घरातून आला होता. बाहेरून कडी घातलेल्या घरातून.

तो आवाज शकुबाईचा नव्हता. नर्मदाबाईचा होता. इतकी वर्षं ऐकलेला, सगळ्यांच्या ओळखीचा.

त्या संध्याकाळी वाडीतल्या एकाही घराने नामाजीला आत घेतलं नाही. अंधार पडेपर्यंत तो दारोदार फिरला. मग आपल्या घरी गेला.

तिथेच तो पुढे म्हातारा झाला. दारात त्या दिवशी खरंच कुणी होतं का, की त्याला कुणी असायला हवं होतं, हे आईने त्याला एकदा विचारलं. तो उठून पायथ्याकडे निघून गेला. मलाही अजून ते कळलेलं नाही, आणि चैत्रात कुणी लांबून हाक मारली की माझ्या अंगावर काटा येतो.

आई सांगायची, मामा रोज दुपारी पायथ्याशी जाऊन शकुबाईला हाक मारायचा. डोंगरातून कधीच ओ आली नाही.

घरातून मात्र दर वेळी यायची.