एकोणतीस इंची काच

टीव्ही घ्यायला माणूस निघतं ते टीव्ही बघायला म्हणून. सुलोचना निघाली ती मंजुषाला दाखवायला म्हणून. हे ती कुणापाशी कबूल करायची नाही, पण राजेंद्र नगरात तेव्हा ज्याला डोळे होते त्याला ते दिसत होतं.

मंजुषा म्हणजे तिची धाकटी जाऊ. दोन भाऊ, दोन गल्ल्या, मध्ये पाण्याची टाकी. थोरला अच्युत मिलच्या टाइम ऑफिसात होता. मिल बंद पडली, भोंगा वाजायचा थांबला आणि अच्युत सियागंजात एका किराणा व्यापाऱ्याकडे कारकुनी करू लागला. धाकटा शरद मिलच्या वाटेला गेलाच नव्हता. तो मोबाइल कंपनीत चिकटला आणि त्याच्या घरात एकेक वस्तू येऊ लागली. फ्रिज आला, सुलोचनाने गिळला. वॉशिंग मशीन आलं, तेही गिळलं. पण मंजुषाकडे एकवीस इंची फ्लॅट टीव्ही आला आणि सुलोचनाच्या घशाखाली घास उतरेनासा झाला.

कारण अच्युत रोज तिथे जाऊन बसू लागला. यांच्या जुन्या टीव्हीची काच फुगीर, चित्र सारखं वर पळायचं. "मॅच आहे गं, येतोच," म्हणून तो जायचा आणि जेवूनच परतायचा. वर सांगायचा, "मंजुषाने आज दाल-बाफले काय केले होते, वा!" मिल गेल्यापासून स्वतःच्या घरात हा माणूस हसला नव्हता. त्याचं हसू आता त्या कालच्या पोरीच्या घरी सांडत होतं. सुलोचनाच्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. तिला टीव्ही हवा होता तो एवढ्यासाठी, की नवरा घरी बसावा आणि मंजुषाने येऊन तोंडात बोट घालावं.

एका सकाळी ती टेंपोत बसून महाराणी रोडला गेली. तिथे सगळी टीव्हीचीच दुकानं. तिने एकेक पालथं घातलं. रंग फिके करून बघितले, आवाज वाढवून बघितला, किमतीवरून हुज्जत घातली. शेवटी शरदने जिथून घेतला त्या गल्लीच्या टोकाच्या दुकानात शिरली. बघू तरी, त्याला केवढ्याला पडला! दिराचं नाव सांगून तिने तो भाव आधी काढून घेतला.

आत अंधार होता, बंद पडलेल्या यंत्रांचा असतो तसा धुळकट, जळका वास होता. मालकाने कोपऱ्यातली चादर ओढली.

"ये देखो, भाभीजी. उनतीस इंच. एकदम फ्लॅट."

भाव त्याने असा सांगितला की सुलोचनाला आधी कळलंच नाही. शरदच्या एकवीस इंचीहूनही कमी!

"इतना सस्ता? कुछ खराबी है क्या, भिया?"

"खराबी कुछ नहीं. एक ही घर से दो सेट वापस आए थे. छोटा आपके देवर ले गए. बड़ा ये रह गया."

"वापस क्यों आए?"

तो काच पुसत राहिला. तिच्याकडे बघेना. "देवरानी-जेठानी का घर था, भाभीजी... अब क्या बताऊं."

दुसरी कुणी असती तर जावाजावांचं घर ऐकून तिथूनच काढता पाय घेतला असता. आमच्या बाईंनी ऐकलं ते एवढंच, की छोटा मंजुषाचा आणि बडा आपला. जुना टीव्ही एक्स्चेंजमध्ये देऊन टाकला आणि संध्याकाळच्या आत हातठेल्यावरून नवा घरी आणला.

हळदीकुंकवाचं निमित्त काढून तिने मंजुषाला बोलावलं. ती आली, टीव्हीला कुंकू लावलेलं पाहून खुदकन हसली, "अय्या, केवढा मोठा! बढिया है हं, वहिनी!" म्हणाली, खोबऱ्याची वडी खाल्ली आणि गेली. झालं! ना चेहरा पडला ना आवाज बदलला. जळायला नको थोडं तरी? सुलोचना दारात उभी राहून तिच्या पाठमोऱ्या अंगाकडे एकटक बघत राहिली. एवढं मन भरून तिने कधी देवाकडेही पाहिलं नसेल.

दुसऱ्या दिवशी दुपारी लाइट गेली. त्या वर्षांत ती रोजच जायची. पंखा घरघरत थांबला, गल्लीतले सगळे आवाज एकदम बसले. टीव्हीची काच काळीभोर झाली आणि त्या सपाट काचेत तिची खोली उमटली. खिडकी, पडदा, कॅलेंडर, खुर्चीत बसलेली ती स्वतः. सगळं जागच्या जागी.

आणि मागच्या दिवाणावर मंजुषा बसलेली.

सुलोचनाने गर्रकन मान वळवली. दिवाण रिकामा होता. चादरीला सुरकुतीसुद्धा नव्हती. पुन्हा काचेत पाहिलं. मंजुषा होती. हात मांडीवर, मान पुढे काढलेली, डोळे टीव्हीवर लागलेले. एखाद्या पोरक्या मुलीने दुसऱ्याच्या ताटाकडे बघावं तशी ती बघत होती.

आता खरं सांगतो, सुलोचना घाबरली. पण त्या भीतीखालून काय वर आलं असेल? आनंद! हेच तर तिला हवं होतं. मंजुषाने आपल्या घरात बसून आशाळभूतासारखं बघावं. तिने उठून दार लावून घेतलं आणि खुर्ची काचेच्या आणखी जवळ ओढली.

पुढे ती लाइट जायची वाट बघू लागली. गेली नाही तर स्वतःच टीव्ही बंद करायची आणि समोर बसायची. मंजुषा असायचीच. रोज थोडी अधिक फिकी, डोळ्यांखाली अधिक काळी. अच्युतला काही दिसायचं नाही. तो कामावरून यायचा, हल्ली घरीच बसायचा, बायकोला म्हणायचा, "बंद टीव्हीत काय बघतेस गं?" ती म्हणायची, "काही नाही, धूळ बसलीय." अच्युत घरी बसत होता. सुलोचनाला आणखी काय हवं होतं!

मग एका दुपारी शरद आला. दाढी वाढलेली, शर्ट चुरगळलेला.

"वहिनी, मंजुषा बोलतच नाही हो. नुसती बसून असते. अन्न बंद झालंय. डॉक्टर म्हणतात रिपोर्ट सब नॉर्मल है. मी त्यातलं काही मानत नाही, पण आई असती तर म्हणाली असती, दृष्ट लागलीय. आई गेल्यापासून दृष्ट तुम्हीच काढता... चला ना."

सुलोचनाच्या तोंडचं पाणी पळालं.

सासूने थोरल्या सुनेला ते शिकवून ठेवलं होतं. मीठ, मोहरी, सुक्या मिरच्या मुठीत घ्यायच्या, ओवाळायच्या, आणि ज्यांची ज्यांची नजर लागली असेल त्यांची नावं घ्यायची. माहीत असलेली नजर गाळायची नाही. गाळली तर ती बसून राहते.

मंजुषाच्या घरात पडदे ओढलेले होते. ती सोफ्यावर बसली होती, हात मांडीवर, मान पुढे. हुबेहूब तशीच. समोरचा एकवीस इंची टीव्ही बंद होता.

सुलोचनाने ओवाळायला घेतलं. "आल्यागेल्याची... शेजारणीपाजारणीची... वाटेवरल्याची... भुताखेताची..." मूठ तापल्या तव्यावर टाकली. मिरच्या काळ्या पडल्या, धूर झाला. पण ठसका नाही. कुणाला साधी शिंकही आली नाही. वासच नव्हता धुराला.

"बाप रे," शरद पुटपुटला. "इतकी कडक?"

तिने दुसरी मूठ घेतली. नाव घेतलं तर शरदसमोर नाक कापलं जाणार. घरी जाऊन बसलं तर दिवाणावर मंजुषा आहेच, अच्युत आहेच, कुणाला काही कळायचं नाही... तिने खाली पाहिलं. मंजुषाच्या हातातल्या बांगड्या सैल होऊन कोपरापर्यंत सरकल्या होत्या. लग्न होऊन आली तेव्हा ह्याच हातांत सुलोचनाने चुडा भरला होता. पोर दुखतं म्हणून रडली होती आणि हिने फुंकर घातली होती.

"आणि माझी," सुलोचना म्हणाली. "माझी नजर. थोरल्या जावेची. उतरू दे."

मिरच्या तव्यावर पडल्या आणि घरभर असा भपकारा उठला की शरद खोकत खोकत खिडकीकडे धावला. मंजुषा वाकली, खोकली, डोळ्यांतून पाणी काढत म्हणाली, "अगं बाई, काय जाळताय? चहा द्या ना कुणीतरी!"

सुलोचना तिला कवटाळून ओक्साबोक्शी रडली. चहा तिनेच केला. मंजुषाने बशीत ओतून तो सगळा प्यायला. शेवटचा घोट घेता घेता बशीच्या कडेवरून तिने जावेकडे बघितलं.

"तुमचा एकोणतीस इंची ना, वहिनी?" ती हळूच म्हणाली. "भावजी हल्ली आमच्याकडे फिरकतसुद्धा नाहीत."

ते बघणं सुलोचनाच्या ओळखीचं होतं. ती घाईघाईने निघाली. दारातून बाहेर पडून टाकीपर्यंत जाईतो तिला पाठीवर काहीतरी टेकल्यासारखं वाटत होतं.

घरी आली तेव्हा दिवेलागण होत होती. अच्युत दिवाणावर बसला होता. टीव्ही बंद होता. तिने भीतभीत काचेत पाहिलं. दिवाणावर अच्युत. मंजुषा नाही. कुठेच नाही! सुटलो बाई एकदाचे, म्हणत ती अच्युतला चिकटून बसली आणि पुन्हा काचेकडे बघितलं.

काचेत अच्युत एकटाच बसला होता.

तिने अच्युतच्या खांद्यावर हात ठेवला. पडदा दिसत होता, कॅलेंडर दिसत होतं, अच्युतच्या खांद्यावरचा तिचा हात दिसत नव्हता. तिने पदराचं टोक दातांत घट्ट धरलं, नाहीतर ती किंचाळली असती. तशीच उठून ती फोनपाशी गेली आणि मंजुषाचा नंबर फिरवला.

"मंजू..." पदर दातांतच होता, शब्द कसेबसे फुटत होते. "तुझा टीव्ही... बंद आहे का गं? त्यात... काही दिसतं का?"

पलीकडे खुर्ची पुढे ओढल्याचा आवाज आला.

"नाही हो, वहिनी. काही नाही." मंजुषाचा आवाज मऊ होता, तृप्त होता. "तुम्ही उगाच घाबरता. पदर काढा बघू आधी तोंडातून."

आणि तिने हलकेच फोन ठेवला.