अडखळणारी हाक

“उघड गं दार, माझे हात भरले,
सुईच्या टोकावर ऊन सरले!”

जिन्याखालून आत्याची अशी हाक यायची. दोन्ही काखांत शिवायच्या कपड्यांची गाठोडी, तोंडात गाणं. छोटी ठिणगी धावत जाऊन कडी काढायची.

आता आत्या नव्हती. तिची हाक होती ती बाबांच्या जुन्या फोनमध्ये, चित्रफितीत. आणि आज तीसुद्धा अडखळत होती!

“उघ... उघ... उघड गं...”

“पुरे!” बाबांनी फोन पालथा ठेवला. “जागा वाढवायला कार्ड घातलं, तरी हा रखडतोच. संध्याकाळी जुन्या फिती पुसून टाकतो.”

“अजिबात नाही!” ठिणगी ताडकन उठली. “आत्याला कोणी पुसायचं नाही!”

“अगं, फोनच म्हातारा झालाय,” मामा म्हणाला. कार्ड त्यानेच आणलं होतं, त्यानेच बसवलं होतं. तो लोकांना गाडी चालवायला शिकवायचा आणि उरलेल्या वेळात सगळं जग चालवायचा! “माझ्या गाडीतला कॅमेरा बघ. तोही जुनाच, पूर्वी चित्रण मधेमधे तुटायचं. या आठवड्यापासून कसा सलग चाललाय! वस्तू जपावी लागते, बाळ.”

ठिणगीने फोन उचलला आणि तडक गच्ची गाठली. तिथे तिचा मित्र ढापण्या आणि मामाचा मुलगा गोगलगाय सुट्टीचे बेत आखत बसले होते.

“बेत रद्द!” ती म्हणाली. “संध्याकाळपर्यंत या फोनला पळवायचं.”

ढापण्याने चष्मा सावरला, फोन रीतसर बंद केला आणि नखाएवढं काळं कार्ड बाहेर काढलं. “हे? यावर गोलात चार लिहिलंय, म्हणजे वेग कमी. नुसते फोटो ठेवायला ठीक आहे. पण फोनचीच जागा वाढवायची, अ‍ॅप्स त्यावरून चालवायची, तर कार्ड चपळ हवं. तशा कार्डावर ए-वन किंवा ए-टू असतं. हे म्हणजे आपला गोगलगाय!”

“ए! मी सावकाश असतो, मंद नाही,” गोगलगाय म्हणाला. मग डोकं खाजवत पुढे बोलला, “पण पाकिटावर ए-टूच होतं. मीच फाडलं ना ते.”

तिघं खाली धावली. रद्दीच्या पिशवीत पाकीट सापडलं. ए-टू! मोठ्या अक्षरांत!

“म्हणजे दुकानदाराने फसवलं?” ढापण्या कुजबुजला.

“थांब.” ठिणगीचे डोळे चमकले. “नव्या कार्डाचा फोन रखडतो आणि जुन्या कार्डाचा कॅमेरा एकाएकी सुधारतो. हे कसं? गोगलगाय, त्या दिवशी मामाने कॅमेऱ्यातलं कार्ड काढलं होतं?”

“हो, धूळ पुसायला. दोन्ही कार्डं टेबलावर होती. तेवढ्यात माझ्या बाबांना कोणाचा तरी फोन आला आणि...” त्याचा जबडा खालीच राहिला.

तिघं अंगणात गेली. मामा गाडी पुसत होता. बाबा पायरीवर बसले होते.

“मामा, तुझ्याकडून चूक झालीय. कार्डांची अदलाबदल!”

“माझ्याकडून? चूक?” मामा हसला. “जा, खेळा.”

ठिणगी काही बोलणार, तोच ढापण्याने तिला कोपराने ढोसलं. “जाऊ दे गं. काका, तुमचा कॅमेरा मात्र लाजवाब! कार्ड कसं काढतात, दाखवाल?”

“का नाही!” मामा फुगला. टिचकीसरशी कार्ड त्याच्या तळहातावर आलं.

“त्यावर काय लिहिलंय, मोठ्याने वाच ना, मामा,” ठिणगी गोड आवाजात म्हणाली.

“ए... ए-टू.” मामाचे कान लाल झाले.

“निघण्याआधी तिन्ही आरसे बघा, असं शिकवतोस ना सगळ्यांना? मग बसवण्याआधी कार्ड का नाही बघितलंस? तुझ्या घाईपायी माझी आत्या पुसली जात होती!”

मामाने मान खाली घातली. मग ते कार्ड त्याने तिच्या हातावर ठेवलं. “हरलो. माझ्या शिकाऊंपेक्षा तुमचीच नजर पक्की. शाबास रे पोरांनो!”

ढापण्याने घरच्या संगणकावरून सगळं नीट नव्या कार्डावर हलवलं. “वायर मधेच ओढायची नाही हं,” तो गोगलगायला दटावत होता. फोन सुरू झाला. आता तो टुणटुण उड्या मारत होता! ठिणगीने आत्याची फीत लावली.

“उघड गं दार, माझे हात भरले,
सुईच्या टोकावर ऊन सरले!”

आवाज सलग, खणखणीत.

बाबा खुर्चीतून उठले. भरभर दारापाशी गेले, कडीला हात लावला आणि तिथेच थांबले.

“बाबा?”

“मला फोनचं काही नव्हतं गं,” ते दाराकडे तोंड करूनच म्हणाले. “तिची हाक आली की मी अजून कडी काढायला उठतो. बाहेर कोणी नसतं. म्हणून पुसायची होती.” मग त्यांनी वळून ठिणगीकडे पाहिलं. “बरं झालं, ऐकलं नाहीस माझं. लाव, पुन्हा लाव.”