यूवरचे दोन बिंदू

“नंबर सांगता का?”

पाठीमागून मराठीत आलेला हा प्रश्न ऐकून देवश्री जागच्या जागी थबकली. जर्मनीतल्या स्टुटगार्टच्या त्सुफेनहाउझेन उपनगरातल्या त्या साध्याशा हॉटेलात, बाहेर नोव्हेंबरचा बारीक पाऊस झिरपत असताना, कोणी अपरिचित पुरुष आपल्याला आपल्याच भाषेत असे काही विचारील, हे तिच्या स्वप्नातही नव्हते. तिने सावकाश मान वळवली. चष्म्याच्या काचांवर थेंब जमले होते. त्या थेंबांतून तिला आधी एक निळा स्वेटर दिसला आणि मग एक चेहरा — कमालीचा गंभीर, आणि त्या गांभीर्यामागे हसू दडवण्यात साफ अपयशी ठरलेला.

“काय म्हणालात?” तिने शक्य तितक्या थंड स्वरात विचारले.

“गाडीचा! गाडीचा नंबर हो,” तो गडबडून म्हणाला. “इथे या टॅबलेटवर नोंदवावा लागतो. नाहीतर पार्किंगवाली कंपनी दंड पाठवते. तुमचे दोन्ही हात अडकलेत, आणि मघापासून तुम्ही ‘अगं बाई, आता कसं करू’ म्हणताय... म्हटलं, माझे हात रिकामेच आहेत.”

तिचे हात खरोखरच अडकले होते. एका हातात इस्त्रीची रेशमी साडी जमिनीला लागू नये म्हणून उंच धरलेली, तर दुसऱ्या हातात निबंधाच्या प्रतींची पेटी. देवश्री ट्यूबिंगनच्या विद्यापीठात संस्कृत हस्तलिखितांवर संशोधन करत होती आणि दुसऱ्या दिवशी स्टुटगार्टच्या परिषदेत तिला निबंध वाचायचा होता. रेल्वेचा संप झाला नसता, तर ती मोटारीने आलीच नसती.

“टी, यू...” ती सांगू लागली.

“टी-यू? म्हणजे थँक यू?”

“अजून मदत झालेली नाही. आभार कसले?”

“आगाऊ घेऊन ठेवतो. पुढे?”

हसू आवरत तिने उरलेली अक्षरे, अंक आणि आपल्या खोलीचा क्रमांक सांगितला. त्याचे बोट काचेवर फिरले, पडद्यावर हिरवी खूण उमटली, आणि तो मोठ्या समारंभाने म्हणाला, “झालं. तुमची गाडी आता सुरक्षित हातांत आहे.”

सकाळी न्याहारीच्या वेळी तो पुन्हा भेटला. नाव प्रसन्न. मोटारींच्या कारखान्यात अभियंता होता, आणि नव्या घराची किल्ली मिळेपर्यंत हॉटेलात राहत होता. तिच्या निबंधाचा विषय त्याने विचारला, आणि तिने सांगितले की जुन्या काळी एक जण पोथी मोठ्याने सांगे व दुसरा लिहून घेई. त्यात ज्या चुका होत, त्यांचा ती अभ्यास करते.

“मग चूक कोणाची धरायची? सांगणाऱ्याची की लिहिणाऱ्याची?”

इतका नेमका प्रश्न परिषदेतही तिला कोणी विचारणार नव्हते. ती क्षणभर त्याच्याकडे पाहतच राहिली... मग उगाचच पावाला लोणी लावू लागली.

निघताना तो दारापर्यंत आला. “गाडीचा नंबर मिळाला. गाडीवालीचा राहिला.”

“तो नोंदवण्याची सक्ती नाही,” ती म्हणाली आणि छत्री उघडून ओल्या पानांवरून चालू लागली. मागे वळून पाहायचे नाही, असा तिचा निश्चय होता. गाडीच्या आरशाने तो मोडला. प्रसन्न अजून दारातच उभा होता.

*

तीन आठवड्यांनी पत्र आले, ते पद्माकरकाकांच्या नावाने. गाडी त्यांची होती.

पद्माकरकाका देवश्रीच्या वडिलांचे बालमित्र. तरुणपणीच नोकरीसाठी या देशात आले, आणि निवृत्त होईपर्यंत एकदाही, कसलाही दंड त्यांना झाला नाही. ही गोष्ट ते इतर लोक आपल्या कुलदैवताविषयी बोलतात तशा स्वरात सांगत. देवश्री त्यांच्याच घरी वरच्या मजल्यावर राहत होती, आणि ती गाडी त्यांनी आयुष्यात प्रथमच दुसऱ्या कोणाच्या हाती दिली होती.

“देवश्री, खाली ये,” त्यांनी हाक मारली. त्यांचा आवाज चढलेला नव्हता, आणि तेच भयंकर होते.

पत्रात गाडीचे छायाचित्र होते. हॉटेलच्या खासगी वाहनतळावर ही गाडी नोंदणीविना रात्रभर उभी होती, म्हणून करारभंगाचे शुल्क भरावे, असा मजकूर.

“पण काका... नोंद केली होती! मी स्वतः उभी होते तिथे.”

“हो, हो. तू तसं आल्या दिवशीच म्हणाली होतीस.” काकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “हे लोक म्हणतात, नोंदच नाही. आल्झो, म्हणजे दोघांपैकी एकजण खोटं बोलतंय.”

“अहो, काय बोलता हे!” कुंदाकाकू स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आल्या. “पैसे भरून टाका आणि विषय संपवा.”

“पैशाचं म्हणत नाही मी, कुंदा. चूक झाली म्हणाली असती तर हसून भरले असते. पण नोंद केली, असं तोंडावर सांगायचं...” त्यांनी वाक्य सोडून दिले, उठले आणि गाडीची किल्ली खुंटीवरून काढून खणात ठेवली.

खण बंद झाल्याचा तो लहानसा आवाज देवश्रीच्या छातीत उमटला. वडिलांनी तिला या घरात सोडताना दुसरी कसलीच शिफारस केली नव्हती. ‘मुलगी खोटं बोलत नाही,’ एवढेच म्हणाले होते. आणि आज त्या एकाच शिफारशीवर संशयाची छाया पडली होती. शुल्क माफ होवो न होवो... आपण खरे बोललो होतो, हे सिद्ध झाल्यावाचून तिला या घरात घास गोड लागणार नव्हता.

साक्षीदार एकच होता. त्याचा पत्ता तिला ठाऊक नव्हता.

तिने हॉटेलला फोन केला. स्वागतकक्षातल्या फ्राउ ल्युत्झ नम्रपणे म्हणाल्या, की दुसऱ्या पाहुण्याचा क्रमांक देता येत नाही, कायदा आहे; मात्र आपला क्रमांक ठेवलात तर निरोप पोचवू. जो नंबर तिने हसत हसत टाळला होता, तो आता तिला एका परक्या बाईजवळ अंकाअंकाने सांगावा लागला.

पाचच मिनिटांत फोन वाजला.

“शेवटी मिळाला तर!” पलीकडचा स्वर आनंदाने ओसंडत होता. “मला वाटलं, जन्मभर—”

“प्रसन्न, माझ्यावर दंड आलाय. तुम्ही नंबर नोंदवलाच नाहीत.”



“काय? अहो, हिरवी खूण आली होती! तुम्ही पाहिलीत ना?”

“पाहिली. काकांना वाटतं, मी खोटं बोलतेय.”

“थांबा. गाडीच्या पाटीचा फोटो पाठवा मला. आत्ता.”

तिने पाठवला.

“देवश्री...” त्याने प्रथमच तिचे नाव घेतले होते, आणि तेही असे, जणू एखादी दुःखद वार्ता सांगावी. “या यूच्या डोक्यावर दोन ठिपके आहेत.”

तिने छायाचित्राकडे पाहिले. जिल्ह्याची खूण म्हणून ट्यूबिंगनच्या गाड्यांवर येणाऱ्या टी-यूतला यू हा साधा यू नव्हे. जर्मन लिपीत त्याच्या माथ्यावर दोन बिंदू असतात, आणि ते नसले तर अक्षरच निराळे होते. ही पाटी ती रोज पाहत आली होती. विसर्गाचे दोन बिंदू गळलेली पोथी पाहून जिचा जीव कासावीस होई, तिला हे दोन बिंदू एकदाही दिसले नव्हते.

“मी साधा यू दाबला,” तो खोल आवाजात म्हणाला. “कॅमेऱ्याने खरी गाडी पाहिली, आणि मी नोंदवली भलतीच. शनिवारी मी हॉटेलात येतो, लेखी साक्ष देतो. तुम्ही अपिलाची तयारी करा.”

*

शनिवारी काकाही आले. “साक्षीदार कोण आहे, ते मला बघू दे,” एवढेच ते म्हणाले. गाडी त्यांनी स्वतः चालवली.

प्रसन्न आधीच येऊन थांबला होता. तोच निळा स्वेटर. पण चेहऱ्यावर या वेळी खरोखरचे गांभीर्य होते. त्याने वाकून काकांना नमस्कार केला. काकांनी ‘असू दे, असू दे’ म्हणत पाय मागे घेतले.

फ्राउ ल्युत्झनी संगणकावर त्या दिवसाची नोंद काढली, आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. देवश्रीच्याच खोलीवर एक गाडी नोंदलेली होती. बाकी सर्व अक्षरे, सर्व अंक तेच... फक्त बिंदू नव्हते.

“साध्या यूचा असा जिल्हाच या देशात नाही!” त्या उद्गारल्या. “म्हणजे जी गाडी जगात नाही, ती त्या रात्री आमच्याकडे मुक्कामाला होती!”

काकांनी पडद्याकडे पाहिले, मग देवश्रीकडे.

तेवढ्यात प्रसन्न पुढे झाला. “दोष सर्वस्वी माझा आहे, काका. यांनी मला नीट उमलाउटसह, म्हणजे ठिपक्यांसह, अक्षर सांगितलं होतं. मीच निष्काळजीपणे दाबलं. साक्षीत तसं लिहून देतो.”



काकांच्या कपाळावरची आठी सुटत चाललेली तिला दिसत होती. आता फक्त गप्प राहायचे होते. क्षणभर गप्प राहिले, की ती निर्दोष ठरत होती. पण तिच्या कानांत ती संध्याकाळ घुमत होती — टी-यू? म्हणजे थँक यू?

“नाही, काका,” ती म्हणाली. “हे खरं नाही.”

“देवश्री—” प्रसन्न पुटपुटला.

“मी टी-यू असंच म्हणाले. आपण मराठी माणसं अक्षरं इंग्रजीतच सांगतो ना, तशी. यांनी त्यावर ‘थँक यू’ म्हणून विनोद केला, आणि मी... मी हसले. मी सांगितलं तेच यांनी लिहिलं. साक्षीत खोटं एक अक्षरही जायला नको.”

बाहेर पावसाने खिडकीवर टिचक्या मारल्या. काकांनी घसा खाकरला. पण बोलले ते प्रसन्नशी.

“आणि तू रे? खोटी साक्ष देणार होतास? या देशात?”

“हो,” प्रसन्न मान खाली घालून म्हणाला. “तुमचा यांच्यावरचा विश्वास उडाला होता, काका. मला... ते सहन होईना.”

“तुला का सहन होईना?”

देवश्रीच्या कानांच्या पाळ्या तापल्या.

फ्राउ ल्युत्झना मराठी संवादातले अक्षरही कळले नव्हते. त्या शांतपणे हॉटेलचे पत्र टंकलिखित करीत होत्या. त्यांनी मान वर केली आणि व्यवहारी स्वरात विचारले, “साक्षीदाराचे या बाईंशी नाते काय, तेही लिहिते. काय लिहू?”

प्रसन्नने देवश्रीकडे पाहिले. ती काउंटरवर ठेवलेल्या आपल्या हातांकडे पाहत होती.

“नॉख काइन्स,” तो म्हणाला.

फ्राउ ल्युत्झची बोटे थांबली. काकांच्या हातातली छत्री खाली पडली. काहीच नाही, एवढे म्हणायला ‘काइन्स’ पुरेसे होते. त्यामागे ‘नॉख’ लावण्याची कसलीच आवश्यकता नव्हती. अजून तरी काही नाही! त्या एका ‘अजून’मध्ये सगळा भविष्यकाळ येऊन बसला होता.

“आल्झो...” काका म्हणाले. “सगळं आयुष्य या भाषेत काढलं. पण ‘नॉख’चा असा वापर मी आजवर ऐकला नव्हता.”

“मीही नाही,” फ्राउ ल्युत्झ हसून जर्मनमध्ये म्हणाल्या. त्यांना मराठी कळण्याची गरजच उरली नव्हती. “मी ‘परिचित’ असं लिहिते. सध्या.”

“गेनाऊ, अगदी बरोबर,” काका म्हणाले. “सध्या.”

त्यांनी वाकून छत्री उचलली, खिशात हात घातला आणि गाडीची किल्ली देवश्रीच्या तळहातावर ठेवली. “तू चालव. आणि माझं चुकलं, पोरी. तुझ्या बाबांना कळवू नकोस... किंवा कळव. मीच कळवतो.”

देवश्रीने मूठ मिटली. डोळ्यांत आलेले पाणी चष्म्याआड लपते, असा तिचा समज होता.

*

अपिलाचे उत्तर नाताळाच्या आधी आले: शुल्क रद्द. काकांनी ते पत्र चौकटीत बसवण्याचा विचार बोलून दाखवला, आणि कुंदाकाकूंनी तो हाणून पाडला. “त्यापेक्षा त्या मुलाला जेवायला बोलवा,” त्या म्हणाल्या. “चूक केली त्याने, निस्तरली त्याने, आणि उपाशीही तोच?”

तो आला. जेवणानंतर तो आणि देवश्री नेकर नदीच्या काठाने चालले होते. पाऊस नव्हता, हवेत फक्त एक ओलसर धूसरता होती, आणि तिच्यात दिवे विरघळत होते.

“माझा नंबर तुम्ही कोणत्या नावाने ठेवलाय?” त्याने विचारले. “‘दंड’?”

तिने फोन त्याच्यापुढे धरला. त्याने वाचले, आणि थबकला.

“प्रसन्नः? हे शेवटी दोन ठिपके कसले? चुकून पडले का?”

“चुकून गळतात. पडत नाहीत,” ती म्हणाली. “संस्कृतात नुसतं ‘प्रसन्न’ म्हटलं, तर तो शब्द एकटाच बाहेर उभा राहतो. विभक्ती लागल्याशिवाय त्याला वाक्यात जागा नसते. हे दोन बिंदू आले की तो कर्ता होतो.”

“कुठल्या वाक्यात?”

देवश्री थांबली. नदीकडे पाहत, अगदी हळू, पण एकेक अक्षर सुटे आणि स्पष्ट करून — सांगणाऱ्याची चूक या वेळी होता कामा नये — ती म्हणाली, “माझ्या.”

तो स्तंभित होऊन तिच्याकडे पाहत राहिला. इतका वेळ, की शेवटी तिलाच हसू आले.

“अरे, असा बघत काय राहिलास? नीट लिहून घे ना!”

तिच्या तोंडून सहज निसटलेले ते ‘अरे’ दोघांनाही एकदमच ऐकू आले.