राखणीला दिलेला कॅमेरा

पटत नसेल तर सोडून द्या, पण थापा मारतोय म्हणू नका. ही माझ्या सख्ख्या साडूची गोष्ट आहे आणि तो फोटो मी या डोळ्यांनी पाहिलाय.

साडू म्हणजे शशिकांत. मूळचा कुडाळचा, एडिनबराला भूलतज्ज्ञ. लोकांना शांत झोपवतो, स्वतःचं डोकं मात्र कायम तापलेलं.

तिथून तासाभरावर सरकारी जंगल आहे. हरणं फार झालीत म्हणून परवाना घेऊन शिकार चालते. सहा जणांच्या ग्रुपचा परवाना शशीच्या नावावर. डिसेंबरअखेर मोजणीसाठी वनखात्याला हरणांचे फोटो दिले नाहीत, तर सहाही जणांचा परवाना रद्द.

फोटोंसाठी झाडाला कॅमेरे बांधायचे.

आणि कॅमेरे जायचे चोरीला!

पहिल्याचा पट्टा कापून नेला. दुसऱ्याला लोखंडी पेटी केली, तर पेटीसकट नेला. तिसऱ्याला कुलूप लावलं. मेल्यांनी कुलूप तेवढं मागे ठेवलं. पोलिसांनी काय दिलं? तक्रारीचा नुसता क्राइम रेफरन्स नंबर!

"शशी, इनफ!" त्याची बायको सुमेधा वैतागली. "जंगल काय तुझ्या बापाचं आहे?"

"चोराच्या बापाचंही नाहीये!"

चौथा कॅमेरा त्यानं शिडी लावून दहा फुटांवर बांधला. फोटो थेट फोनवर पाठवणारा. तरी जिवाला स्वस्थता नाही. शेवटी रागाच्या भरात त्यानं कुडाळचा माणूस करतो तेच केलं. डब्यातली पोळी बुंध्याशी ठेवली, हात जोडले आणि खणखणीत गाऱ्हाणं घातलं...

"बा देवा म्हाराजा, ह्या रानाचो जो कोण राखणदार आसात, त्येनं आयकूचा. हयलां कायएक कोणाक नेऊक देव नको रे म्हाराजा!"

म्हणजे, रान राखणाऱ्या देवा, इथलं काहीही, कुणालाही नेऊ देऊ नकोस. 'मी सोडून' म्हणायचं राहूनच गेलं.

गाऱ्हाण्याला "व्हय म्हाराजा" म्हणायला चार माणसं लागतात. तिथे कुणीच नव्हतं.

पण पाखरं... एकदम गप्प झाली.

कॅमेरा चोरीला गेला नाही. पण फोटोत हरीणही येईना. तीन आठवडे नुसती रिकामी पायवाट.

"आता हा दुसरीकडे हलवतो," म्हणून शशी निघाला. डिसेंबरचा तिसरा रविवार, दुपारचे तीन.

ओल्या मातीत शिडी डुगडुगत होती. अर्ध्यावर चढला आणि... डुगडुग थांबली.

बरं झालं, त्याला वाटलं.

पट्ट्याचं बक्कल सुटेना. सुरी काढली, तर पट्ट्यावर ओरखडासुद्धा उठेना. शशीनं अस्सल मालवणी शिव्या हासडल्या.

तेवढ्यात खिशातला फोन वाजला. नवा फोटो.

फोटोत त्याचाच लालबुंद चेहरा. आणि खाली...

शिडी घट्ट धरलेले दोन हात.

त्यानं खाली पाहिलं. कुणीच नाही.

शिडी तिथेच टाकून तो पळाला.

परवाना गेला. ग्रुपमधले पाचही जण बोलेनासे झाले. शशी नुसता "असू दे" म्हणाला. पार्किंगच्या दंडासाठी वर्षभर कौन्सिलशी भांडणारा माणूस! त्या रविवारपासून तो एकदाही चिडलेला नाही.

मार्चमध्ये मी त्यांच्याकडे गेलो होतो. दुपारी तीनला टीपॉयवरचा त्याचा फोन वाजला. फोटो जंगलातल्या त्याच कॅमेऱ्याचा होता; त्याची बॅटरी तर जानेवारीतच संपायला हवी होती.

मी फोटो पाहिला.

शिडीवर शशी. तेच जॅकेट. गाल बसलेले, दाढी वाढलेली. कॅमेऱ्यात बघून... तोंड फाडून ओरडत होता.

माझ्यासमोर सोफ्यावर शशी. गुळगुळीत दाढी. शांतपणे चहा पीत होता.

सुमेधानं मला किचनमध्ये ओढलं. 

"भावोजी, रोज असाच एक फोटो येतो. खरं सांगा, त्या रविवारी घरी कोण आलं?"

मला काय माहीत! स्वतःचाच संताप येतो. ते जंगल तासाभरावर होतं, गाडी दारात होती. पण मी तिकडे न जाता परतीचं विमान पकडलं.

तो अजून शिडीवरच आहे.