मौन धरणाऱ्यांची नामावली

या, असे जवळ सरकून बसा. मागे कुणी अवघडून उभं असेल तर त्यालाही पुढे घ्या. एका यानाची गोष्ट सांगतो. हिच्यात राक्षस नाही, युद्ध नाही. सांगितलं तेवढंच करणारी एक आज्ञाधारक यंत्रणा आहे आणि एका भल्या माणसाची सवय आहे. देवाच्या या अफाट अंगणात अनर्थ व्हायला तेवढं पुरतं.

'ध्रुवगामी' यान गुरूच्या पलीकडे पोचलं होतं. माणसं नऊ. त्यांतली सात जण यानाच्या शेपटाकडे, शिशाच्या भिंतींच्या निद्रागारात, पेट्यांमध्ये शीतनिद्रेत होती. जागी दोघंच: जालतंत्रज्ञ मैथिली सबनीस आणि देखभाल सांभाळणारे रंगनाथ कुलथे. ती त्यांना काका म्हणे. सातव्या पेटीत तिचा धाकटा भाऊ कौस्तुभ निजला होता.

दुपारच्या जेवणानंतर मैथिलीने सहज तापमानाचा तक्ता उघडला आणि तिचा हात थबकला.

"काका, निद्रागाराची ऊब बंद का आहे?"

"बंद कशाने असेल? सकाळी अँटेना बदलली, मग जालसूत्री चालवली. 'काम पूर्ण' म्हणाली की."

जालसूत्री म्हणजे यानाचं जाळं जुळवणारी आज्ञावली, पृथ्वीवरच्या लिनक्स नावाच्या जुन्या संगणकप्रणालीच्या वंशातली. यानातल्या प्रत्येकाची एक ओळ 'नामावली' नावाच्या फाइलीत असे, आणि उष्मवाटप त्या ओळी वाचूनच ज्याला त्याला, त्याच्या पेटीत, कवचात किंवा जागेवर, ऊब पोचवी. ओळ नाही, तर ऊब नाही. मैथिलीने नामावली उघडली. माणसांच्या नऊ ओळी हव्या होत्या. होत्या दोन.

"ही फाइल दुरुस्त करत नाही, काका. पुसते आणि नव्याने लिहिते," ती सावकाश म्हणाली. "लिहिताना सगळ्यांना हाक मारते. जो ओ देईल त्याची ओळ राहते, गप्प असेल त्याची जाते."

"आणि पेट्या तर बारा दिवसांतून एकदा ओ देतात. वीज वाचवायला." काका खाली बसले. "बंदरात चालवायचो तेव्हा सगळेच जागे असायचे गं. कधी कळलंच नाही."

"जुनी प्रत असते. पुसण्याआधी ती एक प्रत काढून ठेवते. तीच परत बसवू."

काकांनी नजर चुकवली.

"काका, किती वेळा चालवलीत?"

"दोनदा." त्यांनी चष्मा काढला. "आमच्या घरात कडी लावली तरी एकदा ओढून बघायची रीत. खात्री म्हणून पुन्हा चालवली."

दुसऱ्या खेपेला पुसलेल्या नामावलीचीच प्रत निघाली होती आणि ती जुन्या प्रतीवर जाऊन बसली होती.

हाताने ओळी लिहून भागत नव्हतं. यंत्रं नामावली घेत ती जालसूत्रीच्याच हातून. उपाय एकच होता. प्रत्येक पेटीच्या उशाशी एक कळ असते. ती दाबली की पेटी मिनिटभर ओ देते. एकाने आत सातही कळा दाबायच्या आणि त्याच मिनिटात दुसऱ्याने इथून जालसूत्री चालवायची. तास-दीड तासाची ऊब पेट्यांत शिल्लक होती आणि चालत जायलाच पाऊण तास लागे.

"तू इथे बस. जाळ्यातलं मला कळत नाही, हे आज सिद्धच झालंय," काका म्हणाले आणि शेपटाकडच्या गोठलेल्या वाटेसाठी उष्मकवच चढवून निघाले.

पाऊण तासाने भिंतीतला तांब्याच्या तारेचा फोन वाजला.

"पोचलो. कौस्तुभ झोपेतही कपाळाला आठ्या घालतो बघ. दाबू का?"

मैथिलीची बोटं कळफलकावर होती. तिथेच ती अडली. पेट्या तारेवरून ओ देत; काकांचं कवच मात्र बिनतारी बोले, आणि शिशातून ते बोलणं बाहेर येत नसे.

"काका, थांबा. तुम्ही आत गप्प आहात."

"मग?"

"तुमची ओळ जाईल. कवचाची ऊब तुटेल."

"दहा मिनिटं तग धरतं ते. तीन दारं ओलांडून बाहेर यायला वीस लागतात. मी येतानाच मोजलंय."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"सबनीसबाई, शिकलेल्या माणसाला एक गोष्ट दोनदा सांगावी लागते का?"

"मी नंतर तुमची ओळ पुन्हा घालते."

"म्हणजे पुन्हा जालसूत्री चालवणार. तोवर हे सात गप्प. मग यांच्या ओळी जातील. मी दाबतोय. एक... दोन..."

"काका, दुसरं काहीतरी..."

"नऊ दिवस लागतात एकाला उठवायला. तिसरा माणूस नाही आपल्याकडे. पाच... सहा... सात. चालव बाळ."

तिने चालवली. सात ओळी उगवल्या, पाठोपाठ तिची आठवी. पडद्यावर 'काम पूर्ण' आलं. तिने नामावलीला टाळं घातलं, म्हणजे निजलेले जागे होईतो कुणाचा हात लागू नये, आणि सातही जणांना उठवायला सुरुवात केली.

फोन सुरूच होता. काका हळूहळू बोलत होते. "दोनदा चालवली, हे सगळ्यांना सांग. लाजेखातर झाकू नकोस. नाहीतर पुढचाही दोनदा चालवील." मग त्यांनी हरिनाम धरलं. सूर बरा नव्हता, पण ताल चुकला नाही. मैथिली इकडून टाळी देत राहिली. शेवटी टाळी एकटीच वाजत होती.

नवव्या दिवशी सातही जण उठले. कौस्तुभ बहिणीच्या गळ्यात पडला आणि काकांना शोधत इकडेतिकडे पाहू लागला. मैथिलीने टाळं काढून जालसूत्री चालवली. जालसूत्रीने सगळ्यांना हाका मारल्या. आठ जणांनी ओ दिली. आठ ओळी लिहून ती म्हणाली, काम पूर्ण. नववं कुणी होतं, हे तिला ठाऊक असायचं कारणच नव्हतं.

म्हणून तुम्हाला विनवणी. देवापुढे हात जोडाल तेव्हा आपल्या माणसांच्या नावांत एक नाव आणखी घ्या: रंगनाथ कुलथे. ओ येणार नाही. तरी घ्या.