एका युनिटची ऊब

“माह्या हीटरनं किसनराव मेले म्हणून राहिले लोक. उद्या मले बेड्या पडतीन, डोमाजी.”

अकोल्याचा वायरमन नत्थुजी दुपारच्या गाडीनं अमरावतीला आला तो असा रडकुंडीला. डोमाजी आधी वीज कंपनीत मीटर वाचायचा, आता लोकांची लफडी वाचतो. जोडीला रिटायर हवालदार पुंजाजी. देह दांडगा, डोकं सावकाश. अकोला येईस्तोवर त्याचं मत पक्कं झालं होतं: लालभडक तारा रात्रभर खोलीतली हवा खातात, माणूस गुदमरतो, विषय संपला.

किसनरावाच्या घरात वीज एकाच खोलीत, ते मेले त्या. मीटरशेजारी भिंतीवर पेन्सिलीनं ४१२ लिहिलेलं.

“काल सांजी हीटर बसवला तवा मीच लिवलं. सवयच हाय माही,” नत्थुजी म्हणाला.

मीटरवर ४१३ होते. फ्यूज उडालेला.

“हजार वॅटचा?” डोमाजीनं विचारलं.

“हो. दुप्पट ऊब देते.” अशा वेळीही गडी माल विकायचं विसरला नाही. “किसनरावनंच मागितला. म्हणे, बंद खोलीत शेगडी जीव घेते, हे मले लहानपणापासून ठाऊक हाय.”

“ऐकायला कोण होतं?”

“पार्बताबाई. चहा घेऊन आल्या होत्या.”

किसनरावाची दुसरी बायको दुर्गाबाई रडून सुजली होती. “मी माजघरात निजते. पहाटे पाहिलं तं खिडकी बंद, खोली चुलीवाणी गरम. यांचं तोंड लालबुंद. पार्बताबाईनं खाटेखाली सारवलं, मंग पोलीस आले.”

पार्बताबाई ही किसनरावाची पहिली सासू. लेक मैना बाळंतिणीच्या बाजेवरच गेली, वारं लागलं म्हणाले. तेव्हापासून बारा वर्षं म्हातारी जावयाच्या घरी भाकरी थापत होती. गाव तिची तारीफ करायचं.

डोमाजीनं सगळ्यांना त्या खोलीत बसवलं.

“विजेचा हीटर काही जाळत नाही, पुंजाजी. धूर नाही, राख नाही, मग हवा खाईल कशाला? जेवढी वीज आत, तेवढीच ऊब बाहेर. कोणताही हीटर घ्या, दुप्पट देणारा अजून जन्मला नाही.” नत्थुजीनं मान खाली घातली. “हजार वॅट म्हणजे तासाला एक युनिट. रात्रभरात युनिट फिरलं एकच. तासाभरात फ्यूज उडाला, हीटर थंड. मग पहाटे खोली गरम कशानं?”

पुंजाजी चाचरला. “शेगडीनं?”

“कोळशाच्या. लालबुंद तोंड त्याच विषारी वायूचं. आणि प्रेत उठल्यावर सारवतात. मयत खाटेवर असताना सारवलं, ते शेगडीचा डाग झाकायला.”

सगळे पार्बताबाईकडे वळले. म्हातारीनं पदरसुद्धा सावरला नाही.

“मैनाच्या बाजेखाली शेगडी होती. यानंच खिडकी लावली, बाहेरून कडी घातली. पोरगी आतून म्हणे, आई, जीव घुसमटते. हा मले म्हणे, बाळंतीण बडबडतेच. मी ऐकलं त्याचं. बारा वर्सं वाटलं, त्याले तरी काय माहीत होतं. काल समजलं, त्याले सारं माहीत होतं.”

“मग नत्थुजीवर काहून ढकललं?” पुंजाजीनं विचारलं.

“मैनाच्या वक्ताले वाऱ्यावर ढकललं, कोणी इचारलं नाही. म्हटलं, आताही इचारत नाहीत.”

तिनं दाराकडे बोट केलं.

“यानंही हाक मारली रात्री. कडीले हात लावून मी बाहेरच बसली होती. म्हटलं, निजा जावईबापू, दार उघडलं तं वारं लागन.”

पुंजाजीनं उठून आधी खिडकी उघडली.