शेकोटीपासची धुराची बाजू

हिवाळ्यातली सकाळ होती, समुद्रही निवांत होता. गूमसून आपल्या पाणबुड्या बायकांना घेऊन नेहमीसारखी कालवं काढायला उतरली. बेटावरची रीत अशी, की खालून वर आलेल्या बाईने शीळ घालत श्वास सोडायचा. ती शीळ ऐकली की बाकीच्यांचा जीव भांड्यात पडे.

दुक्शिल तेवढी शीळ घालत नसे. तिला पाण्यात श्वास लागतच नसे, त्याला ती तरी काय करणार? पण लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार! "ही बाई माणसांतली नाही," असं म्हातारी माल्जा म्हणाली आणि मुकादमीण म्हणून गूमसूननेच दुक्शिलला किनाऱ्यावरच्या शेकोटीवरून उठवलं. तेव्हापासून ती ओल्या अंगाने लांब खडकावर एकटीच बसे.

आज येनहाची शीळ आली नाही. गूमसूनची एकुलती एक लेक! बुडी मारताना आधारासाठी वर सोडलेला तिचा तरंगता भोपळा लाटांवर नुसताच डुलत होता. बायका बुड्या मारून मारून दमल्या, तशी गूमसून खडकाकडे धावली.

"दुक्शिल, बाई... माझी पोर..."

"आज बरं नाव आठवलं?" दुक्शिल म्हणाली खरी, पण बोलता बोलता ती पाण्यात शिरलीसुद्धा.

ती पोरीला घेऊन वर आली, तोवर बायकांनी रडायला सुरुवात केली होती. येनहाने डोळे उघडले. गूमसूनने तिला उराशी धरलं. पोरीची छाती हलत नव्हती.

"माझ्याजवळ होतं तेच दिलं मी तिला," दुक्शिल गूमसूनच्या कानाशी म्हणाली. "आता जप... तुझ्याच बायकांपासून."

ती पुन्हा खडकाकडे गेली. तिला शेकोटीवर बोलवावं असं गूमसूनच्या ओठांवर आलं. पण बोलावलं तर चर्चा होणार, आणि सगळ्यांच्या नजरा येनहाकडे वळणार. ती पोरीला घेऊन शेकोटीकडे वळली. स्वतःची लाज वाटली, तरी तिने मागे वळून पाहिलं नाही.

शेकोटीभोवती गारठ्यात प्रत्येकीच्या तोंडातून वाफ निघत होती. येनहाच्या तोंडातून नव्हती. गूमसून तिला घाईघाईने धुराच्या बाजूला घेऊन गेली.

"अगं, मरता मरता वाचलेली पोर ती, धुरात कशाला बसवतेस?" एकीने विचारलं. "इकडे बसव, मानाच्या जागेवर."

"असू दे... तिला इथेच ऊब लागते."

त्या बाजूला माल्जा बसली होती. सगळ्यांत वडील, पण वर्षानुवर्षं मानाची जागा सोडून ती धुरातच बसायची. आत्ताही तिच्या तोंडाचा पट्टा सुरू होता. "त्या अवदसेला बेटावरूनच हाकला! आज पोर काढली, उद्या ओढून नेईल!"

गूमसून अगदी जवळून बघत होती. म्हातारी इतकं तावातावाने बोलत होती, पण तिच्या तोंडातून वाफेचा एक कणही निघत नव्हता.

गूमसूनची ती नजर माल्जाच्या ध्यानात आली. तिने रुमाल नाकावर ओढला, आणि सरकून येनहासाठी आपल्याशेजारी जागा केली.